मेंढवाड्याचा टप्पा

सोमवार, ८ सप्टेंबर

आजही अकरा लाल.

संस्थेच्या नोंदवहीत लिहिलं: "टॅब दहा, मुले एकोणीस, खेळ चाळीस मिनिटे, अडचण नाही." अडचण आहे. तिथे लिहायची हिंमत होत नाही, म्हणून ही दुसरी वही.

टॅब येऊन दोन महिने झाले. मला शाळेत येऊनही तेवढेच. सहा महिन्यांची नेमणूक, नंतर कामगिरी बघून पुढचं. टॅबमध्ये गणिताचे खेळ आहेत. फुगे फोडायचे, गाडीत पोती भरायची, फळं वाटायची. एक टप्पा पार झाला की पुढचा उघडतो. पाचवा टप्पा मेंढवाड्याचा आहे. पडद्यावर कुंपण, आत मेंढ्या, खाली चार आकडे. मेंढ्या मोजून बरोबर आकड्यावर बोट ठेवायचं. गावातली आठ मुलं दोन दिवसांत पार झाली. मेंढपाळांच्या वस्तीवरची अकरा तिथेच अडकली आहेत. तीन आठवडे. चुकीचा आकडा दाबतात असंही नाही. कुठलाच दाबत नाहीत. वेळ संपतो, पडद्यावरची मेंढी मान खाली घालते आणि मुलाच्या नावापुढे लाल गोल येतो.

रामेश्वर सर मुख्याध्यापक आहेत. शाळेत ते आणि मी, दोघंच. त्यांना विचारलं. म्हणाले, "वस्तीवरची पोरं अशीच, मॅडम. डोकं हाय, पण बूड ठरत नाय."

मला वाटतं दोष माझाच असणार. चित्रातल्या मेंढ्या हलतात. हलत्या चित्रांवर नजर ठरवायला काही मुलांना वेळ लागतो, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. उद्यापासून त्यांना जास्त वेळ देऊन पाहीन.

गुरुवार, ११ सप्टेंबर

ज्ञानेश्वरीला आज एकटीला बसवलं. तिसरीतली, वस्तीवरची. दोन वेण्या, एकीला रिबीन, एकीला सुतळी. फुगे, पोती, फळं या सगळ्या टप्प्यांत ती पहिली होती. मेंढवाडा आला आणि हात मांडीवर गेले.

"किती आहेत?"

"लई हायत."

"लई म्हणजे किती?"

"पुऱ्या हायत." मग वाकून बघत म्हणाली, "बाई, ही कोपऱ्यातली लंगडी हाय का? हिची माय कुठली? वळखू येत नाय. सगळ्यांची तोंडं एकसारखीच काढलीत."

"तोंडं नको बघूस, आकडा सांग."

तिने पडद्यावर तळहात ठेवला. सगळ्या मेंढ्या झाकल्या. वेळ संपेपर्यंत हात काढला नाही.

मी नोंद केली: लक्ष विचलित होते.

रामेश्वर सर दारातून बघत होते. "तुम्हीच दाबा की बोट. वर काय दिसणार हाय, बोट कुणाचं ते?"

"सर, ते खोटं होईल."

"मंग बसा," असं म्हणून हसत गेले.

खोटं नाही करणार. चौथीपर्यंत मला स्वतःला वाचता येत नव्हतं. पुस्तक पाठ करून धडाधडा म्हणायचे. गुरुजी घरी सांगायचे, पोरगी हुशार आहे. अण्णा वैजापूरच्या मार्केट यार्डात हमाल. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. अण्णांनी विश्वास ठेवला. पाचवीत उघडं पडलं तेव्हा त्यांचा चेहरा जसा झाला होता, तसा दुसऱ्या कुठल्या बापाचा माझ्यामुळे व्हायला नको.

शनिवार, १३ सप्टेंबर

शहरात संस्थेच्या ऑफिसात बैठक. चारुता मॅडम आमच्या प्रमुख. कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटते. भिंतीवर सगळ्या शाळांचे आकडे लावले होते. खालून दुसरी आमची.

"अकरा मुलं एकाच टप्प्यावर? सुकेशनी, तू त्यांच्या घरचं वातावरण बघितलंस का?"

बघितलेलं नाही. तसं सांगितलं. मग टप्पा सोडून पुढे जाता येईल का, हे विचारलं.

"असं सुरू केलं तर मोजमाप कशाचं करायचं? आकड्यांना दयामाया नसते. गरिबांच्या मुलांना त्याचाच फायदा आहे."

मला ते पटलं. अगदी आतून पटलं. सतरा तारखेला पालकांना प्रगतिपत्रं द्यायची आहेत, हिरवा, पिवळा, लाल गोल छापलेली. प्रत्येकावर माझी सही, "मी स्वतः पाहून खात्री केली आहे" या ओळीखाली. एकोणीस सह्या केल्या. अकराव्या लालवरही अक्षर चांगलं आलं.

बुधवार, १७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा झाला. त्यानंतर पालकसभा. झेंड्याला येतात म्हणून पालक आज सापडतात.

ज्ञानेश्वरीचे वडील, कारभारी, उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पत्र घेतलं, उलटं धरलं, मग माझ्याकडं दिलं.

"तुम्हीच वाचा, बाई. एकच सांगा. पोरीला डोकं हाय का नाय?"

मी म्हटलं, असं एका शब्दात सांगता येत नाही.

"मला एकाच शब्दात लागतं. दिवाळीच्या आत आम्ही मेंढरं घेऊन खाली गंगथडीला, गोदेच्या काठी निघणार. डोकं असलं तर म्हातारीपाशी ठेवतो, शाळा चालू राहील. नसलं तर कोकरांमागं हात कमी पडतोय मला. मंग तिला नेतो. एकदा नेली का पुन्हा बसायची नाय ती शाळेत. म्हणून इचारतो."

ज्ञानेश्वरी झेंड्याच्या खांबापाशी उभी होती. आमच्याकडंच बघत होती.

मी पहिल्या चार टप्प्यांबद्दल सांगितलं. ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मशीन शेवटी काय म्हणतं?"

"लाल."

"लाल म्हंजी?"

"मागे आहे."

"किती मागं?"

"वर्षभर तरी." पत्रावर तसंच छापलं होतं. मी ते वाचून दाखवलं.

त्यांनी पत्राची घडी करून बंडीच्या खिशात घातली. "बरं झालं, खरं सांगितलं. इथं जो तो गोड बोलतो." हात जोडले आणि निघाले. खांबापाशी थांबून पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी खरं तेच सांगितलं. बसमध्ये हे वाक्य मनात किती वेळा म्हटलं कोण जाणे.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

काहीतरी चुकलं आहे. माझ्याकडून चुकलं आहे.

दुपारी केसरबाई खिचडीचं पातेलं उतरवत होत्या. ज्ञानेश्वरी ताटल्या मांडत होती. मांडता मांडता म्हणाली, "आज सतरा. दोघं नाय आले. सहा ताटल्या पहिलीच्या, त्यांना अर्धी अर्धी पळी, म्हंजी तीन वाचल्या. मावशी, चौदा पळ्या लागतील."

मी केसरबाईंकडं बघितलं.

"रोज तीच हिशोब घालते की," केसरबाई म्हणाल्या. "मला कुठं येतंय. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हतं. "मी स्वतः पाहून" या ओळीखाली माझी सही आहे.

मुलं जेवल्यावर तिच्यापुढे चिंचोक्यांची पिशवी ओतली. दहा-दहाचे ढीग करत ती दोनशे छत्तीसवर थांबली, कारण चिंचोके संपले. मग टॅब पुढे ठेवला. कुंपणात सात मेंढ्या. फक्त सात.

हात मांडीवर.

"ज्ञानेश्वरी, तुला येतं. मग का दाबत नाहीस?"

"मेंढरं नाय मोजायची."

"कोण म्हणालं?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर वस्तीवरची दोन मुलं डोकावत होती.

रविवार, २१ सप्टेंबर

अण्णांना फोन केला.

"काय माय, जेवली का?"

जेवले म्हटलं, आणि सगळं सांगितलं. ते हसले.

"आगं, तुला यार्डातलं आठवत नाय? पोती मोजताना पयलं पोतं 'एक' म्हणत्यात का कधी? 'लाभ' म्हणायचं, मंग दोन, तीन. तू लहानपणी मधीच 'एक' म्हणून वरडलीस, तर मुकादम काट्यावरून उठून आला व्हता तुझ्या अंगावर."

"पण का म्हणायचं नसतं, अण्णा?"

"का म्हंजी? घरात येणाऱ्या धान्याला कुणी एक म्हणतं का?" जणू मीच काही वेडं विचारलं होतं. मग म्हणाले, "लोकर घेऊन खंडेराव यायचा बघ, मेंढरांवाला. त्याला कुणी इचारलं किती मेंढरं हायत, तर म्हणायचा, देवाची हायत. तोंडानं आकडा कधी काढला नाय गड्यानं. मोजलं का उणं झालं म्हणायचा. सांजच्याला वाघुरीत मेंढरं कोंडायची, जाळीच्या दारात हुभं ऱ्हायचं, आन एकेकीचं तोंड बघून आत सोडायचं. एक जरी मागं राहिली तर त्याला कळायचं."

फोन ठेवला. *सगळ्यांची तोंडं एकसारखीच काढलीत.* ती मला सांगत होती. ती मला पहिल्या दिवसापासून सांगत होती, आणि मी लिहिलं, लक्ष विचलित होते.

सोमवार, २२ सप्टेंबर

सकाळी आधी रामेश्वर सरांकडं गेले. त्यांना माहीत होतं!

"माहीत हाय की. माझा चुलता मेंढरंच राखायचा."

"मग सर, मला बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक असंल. तुमचं प्रशिक्षण झालंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणून तर म्हणलो व्हतो, तुम्हीच दाबा बोट."

चारुता मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, फारच वेगळी गोष्ट कळली, लिहून पाठव, पुढच्या जूनमध्ये चित्र बदलता येईल. प्रगतिपत्र? ते आता वर गेलेलं आहे. आणि सही तुझीच आहे ना? "तू मुलांना समजाव, हा फक्त खेळ आहे. त्या खऱ्या मेंढ्या नाहीत."

"आणि त्या मुलीच्या वडिलांना?"

"त्यांनाही समजाव. तिथे तूच आहेस."

जून. कारभारी दिवाळीआधी निघणार.

आभाळ भरून आलं आहे. आजच वस्तीवर जायला हवं होतं. गेले नाही. चार वाजताची बस चुकेल असं स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की त्या माणसाने माझ्या खरेपणाबद्दल हात जोडले होते. त्याच्यासमोर जाऊन काय म्हणायचं, ते मला सुचेना.

सोमवार, २९ सप्टेंबर

आठवडाभर पाऊस. असा पाऊस या भागात कुणी बघितला नव्हता म्हणतात. तीन दिवस शाळांना सुट्टी. आज उघडली, तर फाट्यापासून पुढच्या ओढ्याला पाणी. वस्तीवरचं एकही मूल आलं नाही. सर म्हणाले, असा चिखल राहिला तर मेंढरांचे खूर कुजतात, म्हणून काहीजण दसरा होताच निघायचं म्हणताहेत.

"कारभारी?"

"तो तर पयला."

मी रोज काय बोलायचं ते मनात तयार करते. रोज थोडं जास्त शहाणं वाक्य होतं आणि रोज ते खोटं वाटतं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

जाऊन आले. सगळं जसं झालं तसं लिहायचा प्रयत्न करते.

सकाळची शाळा सुटल्यावर टॅब पिशवीत घालून ओढा ओलांडला. रान चिखलाचं होतं, म्हणून मेंढरं दुपारीही वाघुरीतच होती. जाळीच्या चार बाजू, आत लोकरीचा काळा-पांढरा गालिचा, मधे मधे कोकरांचं ओरडणं. आजी सारजाबाई चुलीपाशी. चहाचं भगुनं चढवलेलं. ज्ञानेश्वरी जाळीला टेकून एका कोकराला बाटलीने दूध पाजत होती. सामान अर्धं बांधून झालं होतं.

मी तयार केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. म्हटलं, "मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं."

"कोण चुकलं?" कारभारींनी विचारलं. "तुम्ही का मशीन?"

"दोघंही."

"मशीन कशाला चुकंल? त्याला काय कुणाचं वाईट करायचंय?"

मग मी टॅब काढला. म्हटलं, तुम्ही खेळून बघा. ते लाजले. सारजाबाई म्हणाल्या, "धर की! नातरुंडं खेळत्यात, तुला काय धाड भरली?" शेवटी पंच्याला हात पुसून त्यांनी टॅब मांडीवर घेतला. मेंढवाडा उघडला. कितीतरी वेळ ते त्या चित्राकडं बघत होते.

"ही कुठली जात हाय? कान असले कसे? न्हाय, आपल्याकडची न्हाय."

"किती आहेत?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी भर सभेत काही अभद्र बोलले. बोट हललं नाही. वेळ संपला. मेंढीने मान खाली घातली. लाल गोल.

"बघा," मी म्हटलं. मला वाटत होतं की मी सिद्ध केलं. "जन्मभर कळप सांभाळणाऱ्या माणसालाही हे मशीन लाल देतं. तुमच्यात मेंढरं मोजत नाहीत म्हणून."

सारजाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "चल रं कारभाऱ्या, तुला बी पयलीत नाव घालू!" तेही हसले. मग हसणं थांबलं आणि ते सावकाश म्हणाले,

"मंग बराबरच हाय की, बाई. मला लाल, तिला लाल. पोरगी बापावर गेली. बापाचं डोकं मेंढरात, पोरीचंबी मेंढरात. मशीन खोटं कुठं बोललं?"

मी हादरले. चिंचोक्यांचं सांगितलं, पळ्यांचं सांगितलं. ते मान हलवत होते. "चिंचोके काय कुणीबी मोजंल." टॅब पुसून त्यांनी माझ्या हातात परत दिला. "तुम्ही चांगल्या मनाच्या हाव. पर आता माया लावून बोलताय. पयल्यांदा बोलला ते खरं."

टॅब मी पिशवीत घातला. माझ्या खरेपणावर त्यांचा विश्वास होता, म्हणूनच माझं कुणी ऐकत नव्हतं.

तेवढ्यात जाळीपाशी आवाज आला.

"एकशे सदतीस."

कारभारी वळले. "काय म्हणलीस?"

ज्ञानेश्वरीने कोकरू खाली ठेवलं. उभी राहिली. "एकशे सदतीस हायत, बा. त्यात सव्वीस कोकरं. गेल्या साली निघालो तवा एकशे बावीस व्हती. वाटंत चार मेली, सात इकली. राहिली एकशे अकरा. त्यात सव्वीस वाढली."

मी मनातल्या मनात वजाबाकी-बेरीज केली. बरोबर. तिसरीतल्या मुलीने, तोंडी! मी टाळीच वाजवणार होते.

बाकी कुणी हललं नाही. भगुन्यातला चहा उतू जाऊन चुलीत फसफसला. सारजाबाई उठल्या, वाघुरीपाशी गेल्या, जमिनीवरची माती चिमटीत घेऊन चारी बाजूंना टाकली. मग ज्ञानेश्वरीला दंडाला धरून तिचं तोंड जाळीकडून दुसरीकडं वळवलं.

"कवापासून?" कारभारींनी विचारलं.

"पयलीपासून."

"रोज?"

"रोज. मनात."

"आज तोंडानं का काढलंस?"

तिने माझ्या पिशवीकडं बघितलं. कारभारी काठीच्या टोकाने चिखलात रेघा ओढत राहिले. मग मला म्हणाले, "राहू द्या तिला. शाळेतच राहू द्या आता."

ओढ्यापर्यंत मी जवळजवळ पळत आले. वाटेत आठवलं, चहा मिळालाच नाही. मला उशीर होतोय हे त्यांनी ओळखलं असेल.

ती राहणार. माझ्या सहीने जे बिघडलं होतं ते दुरुस्त झालं.

सोमवार, ६ ऑक्टोबर

संस्थेच्या नोंदवहीत सगळं लिहिलं. स्वच्छ अक्षरात, माझ्या सहीसकट: सतरा तारखेला मी पालकांना सांगितलेला निष्कर्ष चुकीचा होता, पाचवा टप्पा या अकरा मुलांना लावू नये, मुलांची कुवत नव्हे, माझी पाहणी कमी पडली. नोकरी जायची असेल तर जावो. लिहून झाल्यावर पान फाडलं नाही.

ज्ञानेश्वरी सगळ्यांच्या आधी आली होती. स्वतःहून टॅब घेतला आणि मेंढवाड्याचा टप्पा दहा मिनिटांत पार केला. सात, बारा, अठरा, तेवीस. हिरवा गोल. मी इतरांना म्हटलं, टाळ्या वाजवा. गावातल्या मुलांनी वाजवल्या.

जेवायला ती एका टोकाला एकटी बसली. वस्तीवरच्या मुलांशी भांडण झालं असावं. विचारलं तर नाही म्हणाली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

चारुता मॅडमचा फोन. मी घाबरतच उचलला. त्या खूश होत्या. नोंद वाचली म्हणाल्या, आणि माझी नेमणूक पुढे चालू ठेवायला त्यांनी सांगितलं आहे. "ही मुलगी म्हणजे आपल्या कामाचं सार आहे, सुकेशनी. मला तिचा एक फोटो हवा. मेंढ्यांच्या कळपात, हातात टॅब. कळप निघायच्या आत काढ."

कळप सोमवारी निघणार आहे. अण्णांना फोन करून नोकरीचं सांगितलं. ते यार्डात ओरडून कुणाला तरी सांगत होते, "माझी पोरगी!" ते ऐकून रडू आलं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

सकाळी सातच्या बसने गेले. ज्ञानेश्वरी फाट्यावर माझी वाट बघत होती, गणवेशात, केस विंचरून. टॅब तिच्या हातात दिला. आम्ही चालत वस्तीकडं निघालो.

कळप रस्त्यावर आला होता. पुढे घोडी, तिच्यावर बोचकी, एका बोचक्यातून कोकराची मान बाहेर. ज्ञानेश्वरीची आई घोडीचा लगाम धरून. सर्वांत मागे कारभारी. मी म्हटलं, "चल, मधे जाऊन उभी राहा. एकच मिनिट."

ती रस्त्याच्या कडेला थांबली. "मी नाय येत आत."

"अगं, लाजतेस काय?" मी तिचा हात धरला.

"बाई!" कारभारी लांबूनच ओरडले. पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. मग जवळ आले आणि हळू बोलले. "तिला आत नका आणू. हात सोडा तिचा."

मी हात सोडला. मला काही कळेना. सारजाबाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या, निरोप द्यायला. त्यांनी साध्या आवाजात सांगितलं, जसं कुणी वाट सांगतं. "जिच्या तोंडून आकडा निघाला, तिनं त्या कळपात पाय टाकायचा नसतो. हातबी लावायचा नाय. त्या दिवसापास्नं ती वाघुरीकडं गेलेली नाय. नवी कोकरं झाली, मेंढरं इकली-मेली, म्हंजी आकडा जुना व्हतो. मंग फिटतं. पुढल्या पावसाळ्यात येतील तवा जाईल की ती."

"तुम्ही मला त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तुम्ही लई खूश व्हता, बाई."

कारभारी लेकीपासून चार हात लांब उभे होते. मेंढरांना लागलेला हात लेकीला लागू नये इतक्या लांब. "म्हातारीचं ऐकत जा," म्हणाले. ती "व्हय" म्हणाली. आईने घोडीपाशी थांबून मागे वळून बघितलं, हात वर केला आणि तोंडात पदर धरला. मग सगळे निघाले. धूळ नव्हती, चिखल होता, त्यामुळे ते वळणापर्यंत स्पष्ट दिसत राहिले.

वळणावरून दिसेनासे झाल्यावर मी विचारलं, "ज्ञानेश्वरी, तुला ठाऊक होतं असं होईल ते?"

"व्हय."

"मग का बोललीस?"

तिला तो प्रश्न सोपा वाटला असावा. "बानं इचारलं व्हतं ना, डोकं हाय का नाय. मशीन सांगंना. तुमचं कुणी ऐकंना."

मी रस्त्यातच खाली बसले. टॅब अजून तिच्या हातात होता. तिने तो पोटाशी उभा धरला, आम्ही संस्थेच्या फोटोत मुलांना धरायला लावतो तसा, आणि माझ्यापुढे ताठ उभी राहिली.

"फोटो काढायचा ना, बाई? काढा. एकटीचा येतो का बघा."

मी फोन काढला नाही. म्हटलं, आज नको. तिने "बरं" म्हणून टॅब खाली घेतला, माझ्या पिशवीत व्यवस्थित ठेवला आणि पिशवीची चेन लावली. मग माझी कोपरापाशी बाही ओढली.

"उठा. धा वाजत आले. सर वाट बघतील."

ती पुढे चालायला लागली. मी मागून.